उलटतपासणी नसलेली साक्ष

सातारच्या जिल्हा न्यायालयात मी ३१ वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, शपथ घ्यायचा, वकील विचारायचे, न्यायाधीश सांगायचे आणि मी टंकत जायचे. शेवटी ते सगळं साक्षीदाराला वाचून दाखवायचं आणि मग त्याची सही घ्यायची. इतकी वर्षं हेच केल्यावर एक सवय हाडीमासी खिळते. कुणी काही सांगू लागलं की मनात आपोआप दोन रकाने पडतात. यानं स्वतः पाहिलं काय, आणि दुसऱ्याकडून ऐकलं काय.

गेल्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला मुलाकडे होते. त्याचा एक मित्र, नाशिकचा, वीस-बावीस वर्षं तिकडेच असलेला, जेवायला आला होता. राजकारणाच्या गप्पा निघाल्या तसा म्हणाला, "काकू, तुम्ही कोर्टातल्या. 'द क्लिंटन क्रॉनिकल्स' एकदा बघाच. आणि मग मला सांगा, हा माणूस दोन वेळा राष्ट्राध्यक्ष झालाच कसा." हा माहितीपट १९९४ सालचा. तेव्हा व्हिडिओ कॅसेटवर घरोघरी फिरला, आता इंटरनेटवर फुकट मिळतो. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, शेजारी वही घेतली आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारली.

आरोप भयंकर आहेत. बिल क्लिंटन अर्कान्सासचे गव्हर्नर असताना राज्याच्या विकास वित्त संस्थेतून अमली पदार्थांचा पैसा पांढरा केला गेला. मीना नावाच्या छोट्या गावातल्या विमानतळावरून कोकेनची वाहतूक होऊ दिली. आणि जी माणसं आड आली, ती एकामागून एक मेली. माणसं बोलत राहतात, निवेदक दुवे जोडत राहतो, आणि तासाभरात आपल्याला वाटू लागतं की व्हाइट हाउसमध्ये खुनी बसला आहे. मलाही क्षणभर वाटलं, हे मी लपवत नाही. मग वहीकडे पाहिलं. उजवीकडचा, 'ऐकलं' हा रकाना खालपर्यंत भरून पुढच्या पानावर गेला होता. डावीकडे 'पाहिलं' खाली मोजक्या ओळी होत्या, आणि त्यातली एकही खुनाची नव्हती.

१८७२च्या आपल्या पुरावा कायद्यात कलम ६० होतं. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. गोष्ट डोळ्यांनी दिसण्यासारखी असेल तर 'मी पाहिलं' असं म्हणणाराच साक्षीदार हवा. नव्या कायद्यातही ते तत्त्व तसंच आहे. मला हे कलम पाठ आहे ते विद्वत्तेमुळे नव्हे. गावात दहा जणांनी ऐकलेली गोष्ट अकराव्या माणसाला तुरुंगात कशी घालू शकते, हे मी त्या पिंजऱ्याशेजारी बसून पाहिलं आहे.

माहितीपटाचा मुख्य साक्षीदार लॅरी निकोल्स. ज्या विकास वित्त संस्थेवर तो आरोप करतो, तिथेच तो नोकरीला होता. म्हणजे आतला माणूस, ऐकायला वजनदार. पण निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांच्या समर्थकांना कार्यालयाच्या फोनवरून शेकडो फोन केल्याच्या प्रकरणात १९८८ साली त्याची ती नोकरी गेली होती, आणि पुढे त्यानं क्लिंटनवर दावाही लावला होता. नोकरीवरून काढलेल्या माणसाचं म्हणणं खोटंच असतं असं नाही. आमच्याकडे कित्येक भ्रष्टाचाराची प्रकरणं अशाच दुखावलेल्या कारकुनामुळे उघडी पडली. पण अशा साक्षीदाराला न्यायालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचं उत्तर मी हजारदा टंकलं आहे: 'हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीशी असलेल्या वैमनस्यातून खोटी साक्ष देत आहे.' हे वाक्य लिहिलं गेल्याने साक्षीदार खोटा ठरत नाही. निकाल देणाऱ्यासमोर संशयाची जागा तेवढी उघडी राहते. माहितीपटात समोरचा वकीलच नसतो. सरतपासणी, म्हणजे स्वतःच्या बाजूनं विचारलेले प्रश्न, तेवढी होते, आणि पडदा पडतो.

आता या माहितीपटाच्या जाहिरातीतल्या एका सावलीतल्या माणसाबद्दल. माहितीपट खपवण्यासाठी जेरी फॉलवेल या बड्या धर्मोपदेशकानं टीव्हीवर लांबलचक जाहिराती केल्या. चाळीस डॉलर कॅसेटचे, तीन टपालाचे. एका जाहिरातीत त्याच्यासमोर एक माणूस अंधारात बसलेला दिसतो. चेहरा नाही, फक्त आकृती. हा शोधपत्रकार आहे, असं सांगितलं जातं. फॉलवेल विचारतो, तुमच्या जिवाला धोका का वाटतो? आणि ती सावली सांगते की आमचे साक्षीदार मुलाखतीआधीच विमान अपघातात मेले. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. काही वर्षांनी पत्रकारांनी छडा लावला तेव्हा कळलं, ती सावली म्हणजे पॅट्रिक मॅट्रिसियाना, माहितीपटाचा निर्माता स्वतः. आपण शोधपत्रकार नाही आणि जिवाला खराखुरा धोका होता असं आपल्याला वाटत नाही, हे त्यानं कबूल केलं. अंधारात बसण्याची कल्पना फॉलवेलची होती, असंही सांगितलं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या न्यायालयातही पडदा लावतात. बालकांवरच्या अत्याचाराच्या खटल्यात मुलाला आरोपीचं तोंड दिसू नये म्हणून तो असतो. सात-आठ वर्षांची मुलं त्या पडद्याआडून बोलताना मी ऐकली आहेत आणि टंकताना माझी बोटं थरथरली आहेत. पण पडद्यामागे कोण आहे ते न्यायाधीशांना ठाऊक असतं, आरोपीच्या वकिलालाही ठाऊक असतं, आणि पडद्याआडूनही उलटतपासणी होते. झाकलेला चेहरा ही भेदरलेल्या माणसासाठी कायद्यानं दिलेली सोय आहे. ती कॅसेट विकण्यासाठी वापरली, तर उद्या खरोखर जिवाच्या भीतीनं सावलीत बसणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेनं पाहतील?

व्हिन्स फॉस्टरचं नाव त्या मृतांमध्ये सगळ्यात वर आहे. होप या गावात क्लिंटनच्या शेजारी वाढलेला हा बालमित्र, पुढे हिलरी क्लिंटन यांचा वकिलीतला भागीदार, आणि १९९३ला व्हाइट हाउसमध्ये कायदेविषयक उपसल्लागार. २० जुलै १९९३ रोजी व्हर्जिनियातल्या फोर्ट मार्सी पार्कमध्ये त्याचा मृतदेह सापडला. तो नैराश्यात होता. त्याच्या बॅगेत एक फाडलेली चिठ्ठी मिळाली, २७ तुकडे जोडून वाचावी लागलेली. तिच्यात शेवटी लिहिलं होतं की या शहरात माणसांना उद्ध्वस्त करणं हा खेळ समजला जातो.

आधी पार्क पोलिसांनी तपास केला. १९९४ला विशेष वकील रॉबर्ट फिस्क यांनी केला. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, चौकशी झाली. शेवटी केनेथ स्टार यांनी तीन वर्षं घेऊन केला, आणि स्टार म्हणजे क्लिंटनला पदावरून घालवण्याइतका मजकूर ज्यांनी पुढे काँग्रेससमोर ठेवला तेच. त्यांच्या चमूत या प्रकरणावर काम करणारे ब्रेट कॅव्हनॉ आज सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आहेत आणि त्यांना कुणी क्लिंटनचा माणूस म्हणणार नाही. ऑक्टोबर १९९७मध्ये स्टार यांचा अहवाल आला. निष्कर्ष प्रत्येक वेळी एकच: आत्महत्या.

तरी ते थांबलं नाही. मृतदेहाची छायाचित्रं जाहीर करा म्हणून एक वकील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २००४मध्ये न्यायालयानं एकमतानं नकार दिला: मृताच्या कुटुंबालाही खासगीपणाचा हक्क आहे. निकालपत्र न्यायमूर्ती अँथनी केनेडींनी लिहिलं. म्हणजे बापाच्या मृतदेहाचे फोटो कुणाच्या तरी पडद्यावर दिसू नयेत, एवढ्यासाठी त्या मुलांना जवळपास अकरा वर्षं वाट पाहावी लागली. ज्यांनी कॅसेट विकत घेतली त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कुणाच्या घरातलं सुतक लांबवत आहोत याची कल्पनाही नसेल.

इथपर्यंत मुलाच्या मित्राला मी सांगितलं तेव्हा तो चिडला. "पण काकू, क्लिंटन खोटं बोललाच होता ना? आणि पेपरवाले गप्प बसले होतेच ना?"

दोन्ही खरं आहे. म्हणूनच हा लेख लिहिते आहे.

पॉला जोन्स ही अर्कान्सास राज्य सरकारच्या नोकरीतली एक साधी बाई. गव्हर्नरनं हॉटेलच्या खोलीत बोलावून आपल्याशी घाणेरडं वर्तन केलं, असा दावा तिनं १९९४ला लावला. ज्या वर्षी ती कॅसेट आली, त्याच वर्षी. राष्ट्राध्यक्षावर पदावर असताना असा दावा चालू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ला नऊ विरुद्ध शून्य मतांनी ठरवलं. एका सामान्य स्त्रीनं देशाच्या सर्वोच्च माणसाला शपथ घ्यायला लावली, याहून मोठी गोष्ट मला लोकशाहीत दिसत नाही. १७ जानेवारी १९९८ला क्लिंटनची त्या दाव्यात शपथेवर जबानी झाली, आणि व्हाइट हाउसमध्ये काम केलेल्या मोनिका लेविन्स्की या तरुणीशी असलेल्या संबंधांबद्दल विचारल्यावर तो खोटं बोलला. पेपरवाल्यांबद्दलही मुलाच्या मित्राचा राग अगदीच निराधार नाही: लेविन्स्की प्रकरणाची बातमी एका मोठ्या साप्ताहिकाच्या हाती होती, त्यांनी ती थांबवली, आणि ती बाहेर फुटली इंटरनेटवरून.

आता पुढचा आठवडा पाहा. २६ जानेवारीला क्लिंटननं कॅमेऱ्यासमोर बोट उगारून सांगितलं की त्या बाईशी माझे लैंगिक संबंध नव्हते. दुसऱ्याच दिवशी सकाळी हिलरी क्लिंटन टीव्हीवर म्हणाल्या, नवऱ्यानं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायचं ठरवलं त्या दिवसापासून उजव्यांचं एक अवाढव्य कारस्थान त्याच्यामागे लागलं आहे. लोकांना ते पटण्यासारखं होतं, कारण त्यात तथ्य होतं. रिचर्ड मेलन स्केफ या अब्जाधीशानं क्लिंटनची लफडी उकरण्यासाठी एका मासिकाला सुमारे २४ लाख डॉलर पुरवले होते. त्याच मासिकात क्लिंटनविरुद्ध गाजलेला लेख लिहिणारा डेव्हिड ब्रॉक त्याच वर्षी जाहीर माफी मागून मोकळा झाला. कॅसेटमधले खुनाचे आरोप तर सगळ्यांना माहीत होते. चार वर्षं ज्या माणसाला खुनी, तस्कर म्हटलं गेलं आणि काहीच सिद्ध झालं नाही, त्याच्यावर पाचव्या वर्षी 'शपथेवर खोटं बोलला' असा खरा आरोप आला, तेव्हा निम्म्या देशानं तो त्याच टोपलीत टाकला.

डिसेंबर १९९८मध्ये प्रतिनिधिगृहानं महाभियोग मंजूर केला आणि त्याच सुमारास गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत क्लिंटनच्या कामाला ७३ टक्के लोकांनी पसंती दिली. अर्थव्यवस्था चांगली होती, हे त्याचं एक कारण. पण मला वाटतं, कंटाळा हेही होतं. फेब्रुवारी १९९९मध्ये सिनेटनं त्याला निर्दोष सोडलं. क्लिंटन दांपत्याच्या व्हाइटवॉटर या जुन्या जमीन-व्यवहाराच्या चौकशीतून त्यांचा भागीदार जेम्स मॅकडूगल आणि नंतरचे गव्हर्नर जिम गाय टकर दोषी ठरले, क्लिंटन दांपत्यावर आरोपपत्र आलंच नाही. मात्र जोन्स दाव्यातल्या न्यायाधीश सुसान वेबर राइट यांनी क्लिंटनला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं आणि पुढे त्याची अर्कान्सासमधली वकिलीची सनद पाच वर्षांसाठी स्थगित झाली. ही शिक्षा प्रत्यक्ष नोंदीवर उभी राहिली. खून, कोकेन आणि सावलीतला माणूस यांच्यातून कुणाला कसलीही शिक्षा झाली नाही. क्लिंटनला मात्र ढाल मिळाली.

पॉला जोन्सला तर दोन्हीकडून मार बसला. एका बाजूनं तिला आपल्या मिरवणुकीत झेंड्यासारखं नाचवलं, दुसऱ्या बाजूनं तिच्या गरिबीवर, बोलण्यावर, केसांवर थट्टा केली. स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेल्या कित्येकींनी तेव्हा तोंड फिरवलं, कारण तिच्या शेजारी कोण उभे आहेत ते त्यांना दिसत होतं. ते उभे नसते तर तिचं म्हणणं तिच्या बळावर ऐकलं गेलं असतं का, हे मला राहून राहून वाटतं.

क्लिंटनच्या बाजूनंही माहितीपट निघाला. २००४चा 'द हंटिंग ऑफ द प्रेसिडेंट', मॉर्गन फ्रीमन यांच्या भारदस्त आवाजात. कॅसेटवाल्यांचे उद्योग त्यात चांगले उघडे केले आहेत. पण दोन दिग्दर्शकांपैकी एक हॅरी थॉमसन हे क्लिंटनचे जुने मित्र, आणि १९९३ला व्हाइट हाउसच्या प्रवास कार्यालयातून सात जणांना तडकाफडकी काढलं गेलं त्या प्रकरणात त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्या कार्यालयाच्या प्रमुखावर फौजदारी खटला भरला गेला आणि ज्युरीनं दोन तासांच्या आत त्याला निर्दोष सोडलं. माझ्या लेखी क्लिंटनच्या कारकिर्दीतला हा एक खरा अन्याय, छोट्या माणसांवर झालेला. पण त्यात खूनही नाही आणि कोकेनही नाही, म्हणून तो कुणालाच नीट आठवत नाही.

मला सगळ्यात बोचलं ते कात्रीचं प्रकरण. क्लिंटनचे एक सहकारी वेबस्टर हबेल तुरुंगात होते. त्यांच्या फोनवरच्या संभाषणाच्या फिती प्रतिनिधिगृहाच्या एका समितीकडे होत्या. १९९८मध्ये समितीनं त्यांचा मजकूर जाहीर केला, आणि लवकरच उघड झालं की हिलरी क्लिंटन यांना निर्दोष दाखवणारी वाक्यं गाळली आहेत. समितीचे मुख्य तपासनीस डेव्हिड बॉसी यांना जावं लागलं. मी लघुलेखक आहे. साक्षीतलं एक वाक्य गाळणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे एखादा शब्द खोडला तर बाजूला आद्याक्षरं करावी लागतात.

हेच बॉसी पुढे 'सिटिझन्स युनायटेड' या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि २००८ला त्यांनी 'हिलरी: द मूव्ही' काढला. तो माहितीपट की निवडणुकीची जाहिरात, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २१ जानेवारी २०१०ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की असा चित्रपट अडवता येणार नाही, आणि कंपन्यांना, संघटनांना निवडणुकीतल्या प्रचारावर स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करता येईल. निकालपत्र पुन्हा न्यायमूर्ती केनेडींचंच. पैशांबद्दलचा भाग मला पटत नाही. पण चित्रपट अडवू नये, हे पटतं. बंदी घातलेली कॅसेट दुप्पट खरी वाटते. त्याच निकालात आणखी एक भाग आहे ज्याकडे फार कुणी पाहत नाही: पैसे कुणी दिले हे जाहीर करण्याची सक्ती आठ विरुद्ध एक मतांनी कायम राहिली. मला हवं आहे ते या धाग्याला धरून. राजकीय आरोपांचा माहितीपट काढणाऱ्यानं पैसा कुणाचा ते पहिल्या मिनिटाला सांगावं, आणि ज्याची मुलाखत वापरली त्याची पूर्ण, न कापलेली मुलाखत लोकांना पाहायला ठेवावी. इंटरनेटवर जागेची अडचण नाही. पाच मिनिटं वापरली असतील तर उरलेली पंचावन्न कुठे आहेत, हे विचारायचा प्रेक्षकाला हक्क आहे.

कुणी म्हणेल, डोळ्यांना दिसतं त्याचं काय? दिनेश डिसूझा हे नाव इथे येतं. जन्म मुंबईचा, घराणं गोव्याचं. ओबामांविरुद्धच्या त्यांच्या २०१२च्या माहितीपटानं ३ कोटी डॉलरांवर कमाई केली. २०२२ला त्यांनी २०२०च्या निवडणुकीत पेट्यांत बेकायदा मतपत्रिका टाकल्या गेल्या असं सांगणारा '२००० म्यूल्स' काढला. त्यात जॉर्जियातला एक माणूस पेटीत मतपत्रिका टाकताना दिसतो आणि निवेदन सांगतं, तुम्ही पाहताय तो गुन्हा आहे. तो माणूस आपली आणि आपल्या कुटुंबाची मतं टाकत होता, अगदी कायदेशीरपणे. राज्याच्या तपासात हे स्पष्ट झालं होतं. २०२४मध्ये वितरक कंपनीनं माफी मागून चित्रपट मागे घेतला, नंतर डिसूझांनीही त्या माणसाची माफी मागितली. हे वाचल्यावर माझ्या वहीतला डावा रकानाही मला पुरेसा वाटेना. डोळ्यांनी पाहिलेलं दृश्यही दुसऱ्याच्या आवाजात ऐकलेलं असू शकतं.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात मी मुलाच्या मित्राला एक दुवा पाठवला. १७ ऑगस्ट १९९८ला क्लिंटननं ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, दिलेली साक्ष, सुमारे चार तासांची, सप्टेंबरमध्ये सगळ्या देशाला दाखवली गेली. संगीत नाही, निवेदक नाही, सावली नाही. एक माणूस खुर्चीत बसून प्रश्न चुकवतो आहे. एका जागी तो म्हणतो, 'आहे' या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा त्यावर ते अवलंबून आहे. मी ते ऐकलं आणि माझी बोटं टेबलावर आपोआप हलली. क्लिंटनवर रागावायचं असेल तर सगळं सामान त्या चार तासांत आहे, आणि बाजू घ्यायची असेल तर तेही.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "काकू, अडीच तास झालेत. मधेमधे थांबवून बघतोय." मी विचारलं, वही घेतलीस का? म्हणाला, "घेतलीये. पण ते मधे रेघ मारायचं राहिलं."